माळ्यावरच्या गाद्या आणि रात्री दोनची धाप: ॲलर्जिक दम्याचे एक प्रकरण

भाद्रपदातली संध्याकाळ, गणपतीला चार दिवस बाकी. राजापूर तालुक्यातल्या खाडीकाठच्या गावात ३४ वर्षांची एक बाई माळ्यावरच्या कापसाच्या गाद्या खाली काढते. मुंबईहून दीर-जावा, पोरंटोरं येणार; वर्षभर गुंडाळून ठेवलेल्या गाद्या पडवीत आणून सहाच्या सुमारास काठीने झोडायला घेतल्या. सव्वासहाला शिंकांचा मारा, नाकातून पाणी, मग छाती आवळून घरघर. निळ्या पंपाचे, म्हणजे साल्ब्युटामॉलचे, दोन दाब घेतले आणि अर्ध्या तासात छाती मोकळी झाली. नऊला जेवणे झाली. रात्री दोनला ती उठून बसली. ढास थांबेना, बोलताना वाक्य तुटू लागले, पंपाचे सहा-सात दाब घेऊनही आराम दहा-पंधरा मिनिटांपुरता. साडेतीनला रिक्षाने ग्रामीण रुग्णालय गाठले.

घरच्यांचे निदान तयार होते: रात्री ताक घेतले, गार पडले. पण संध्याकाळी सुटलेली धाप आठ तासांनी दुप्पट जोराने परत का आली, याचे उत्तर ताकात नाही. संध्याकाळची धाप एका प्रकारच्या पेशींनी आणली, रात्रीची दुसऱ्या. निळा पंप श्वासनळीभोवतीचा आवळलेला स्नायू सैल करतो. सूज आणणाऱ्या पेशींना तो आवरत नाही. या प्रकरणातला प्रत्येक निर्णय या एका गोष्टीवर उभा आहे.

(प्रकरण प्रातिनिधिक आहे. कोण्या एका रुग्णाची ही नोंद नव्हे. अशा रुग्णांत जसे आकडे येतात तसे येथे मांडले आहेत.)

पहिला तास

दाखल होताना श्वास मिनिटाला २८, नाडी ११६, बोटावरच्या यंत्रात ऑक्सिजन ९२ टक्के, पीक फ्लो, म्हणजे जोराने फुंकल्यावर मोजलेला श्वासाचा वेग, मिनिटाला २१० लिटर. तिचा चांगल्या दिवसांतला पीक फ्लो ३८० होता, म्हणजे ५५ टक्के. वाक्ये तुटत होती, पण शब्दाशब्दाला थांबावे लागत नव्हते. ऑक्सिजन ९० च्या खाली, नाडी १२० च्या वर किंवा पीक फ्लो निम्म्याच्या खाली असता तर झटका तीव्र धरून इप्राट्रोपियम हे श्वासनळी सैल करणारे दुसरे औषध जोडले असते आणि मोठ्या रुग्णालयात हलवण्याची तयारी आधीच सुरू केली असती.

पंपाला स्पेसर, म्हणजे पोकळ नळकांडे, लावून साल्ब्युटामॉलचे ६ दाब, दर २० मिनिटांनी, तासभर. स्पेसर नीट वापरला तर तो मशीनच्या वाफेइतकाच काम करतो, पण ‘वाफ दिली नाही’ म्हणून नातेवाईक रागावतात. त्यांना दाब मोजून दाखवावे, राग उतरतो. ऑक्सिजन ९३ ते ९५ टक्क्यांवर राहील इतपतच.

यानंतरच्या दोन गोष्टींचा क्रम महत्त्वाचा. आधी रक्त काढले, मग प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या ४० मिलिग्रॅम गोळ्या दिल्या. स्टेरॉइड पोटात गेल्यावर काही तासांत रक्तातले इओसिनोफिल, म्हणजे ॲलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी, झपाट्याने घटतात. सकाळी लॅबवाला आल्यावर रक्त काढले तर अहवालात १ टक्का येतो आणि ‘ॲलर्जी नाही’ असा शेरा वर्षानुवर्षे फाईलमध्ये राहतो. आणि स्टेरॉइड पहिल्या तासातच द्यायचे ते एवढ्यासाठी, की ते पेशीच्या केंद्रकात जाऊन जनुकांचे काम बदलते. परिणाम दिसायला चारेक तास लागतात. ‘आधी पंपाने उतरतेय का पाहू’ म्हणत घालवलेला वेळ पहाटे महागात पडतो. गिळता येत असेल तर गोळी इंजेक्शनइतकीच चालते.

तासाने पीक फ्लो २९०, ऑक्सिजन ९५. गाव लांब, रात्रीची गाडी मिळत नाही, म्हणून लगेच घरी न सोडता दुपारपर्यंत थांबवले. जाताना प्रेडनिसोलोन ४० मिलिग्रॅम एकूण ५ दिवस. इतक्या छोट्या कोर्सला मात्रा हळूहळू उतरवत आणण्याची गरज नसते. आणि त्याच दिवशी स्टेरॉइडचा फवारा सुरू. तपासण्या होईपर्यंत तो लांबवायचा नसतो.

सव्वासहाला काय झाले

गादीत राहतो तो धुळीतला माइट नावाचा सूक्ष्म किडा. तो पाणी पीत नाही, हवेतला दमट ओलावा अंगात शोषून जगतो. हवेतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली राहिली तर तो सुकून मरतो. कोकणात पावसाळाभर ती ८० च्या वर असते, म्हणजे त्याची चंगळच. त्रास देतात त्याच्या विष्ठेचे कण. ते १० ते ४० मायक्रॉनचे, जड असतात. गादी न हलवता पडून राहिली तर हवेत जवळजवळ नसतात. झोडली की उडतात आणि अर्ध्या तासात पुन्हा खाली बसतात. तो अर्धा तास ही बाई त्या धुळीत उभी होती.

तयारी मात्र फार आधीपासूनची. माइटच्या विष्ठेतले एक विकर श्वासनळीच्या अस्तरातल्या पेशींमधले सांधे कुरतडते. दुखावलेल्या अस्तरातून इंटरल्युकिन-३३, इंटरल्युकिन-२५ आणि टीएसएलपी असे धोक्याचे इशारे सुटतात. अस्तराखालच्या डेंड्रायटिक पेशी माइटचे प्रथिन उचलून जवळच्या लसीका गाठीत नेतात आणि तिथल्या कोऱ्या टी पेशींना दाखवतात. या इशाऱ्यांच्या वातावरणात टी पेशी दुसऱ्या प्रकारच्या मदतनीस, म्हणजे टीएच-२ पेशी, बनतात. त्यांच्या इंटरल्युकिन-४ मुळे बी पेशी आपली प्रतिपिंडे बदलून ॲलर्जीचे प्रतिपिंड, म्हणजे आयजीई, बनवू लागतात. रक्तातले आयजीई दोन-तीन दिवसांत निम्मे होते, पण मास्ट पेशींवर, म्हणजे श्वासनळीत हिस्टामीनसारखी रसायने साठवून बसलेल्या पेशींवर, चिकटलेले आठवडेच्या आठवडे टिकते. वर्षभर गाद्या माळ्यावर असल्या तरी मास्ट पेशी भरलेल्या बंदुकीसारख्या तयारच असतात.

कण श्वासात गेले, माइटच्या प्रथिनाने शेजारशेजारच्या दोन आयजीई रेणूंना एकत्र बांधले आणि काही मिनिटांत मास्ट पेशी फुटल्या. त्यांतून आधीच साठवलेले हिस्टामीन आणि ट्रिप्टेज बाहेर पडले, पाठोपाठ ताजे बनलेले प्रोस्टाग्लँडिन डी-२ आणि ल्युकोट्राइन. श्वासनळी आवळण्यात ल्युकोट्राइन हिस्टामीनपेक्षा शेकडो पटींनी जोरकस असतात. म्हणूनच ती रोज रात्री घेत असलेली, फक्त हिस्टामीनला अडवणारी सेटिरिझिनची गोळी नाकाला पुरी पडते, छातीला नाही.

या पेशी कुठे बसल्या आहेत, यालाही महत्त्व आहे. २००२ साली लेस्टरमधल्या संशोधकांनी दमेकरी आणि ‘इओसिनोफिलिक ब्राँकायटिस’चे रुग्ण यांच्या श्वासनळीचे तुकडे शेजारी ठेवून पाहिले. दुसऱ्या गटाला खोकला असतो, अस्तरात इओसिनोफिलही दमेकऱ्यांइतकेच, पण नळी आवळत नाही. फरक असा निघाला, की दम्यात मास्ट पेशी थेट स्नायूच्या तंतूंमध्ये शिरलेल्या होत्या.

रात्री दोनला काय झाले

मास्ट पेशींचा मारा तास-दोन तासांत ओसरतो. तोवर त्यांनी सोडलेल्या पदार्थांनी रक्तवाहिन्यांच्या भिंती चिकट आणि सच्छिद्र झालेल्या असतात, आणि रक्तातल्या टीएच-२ पेशी, बेसोफिल आणि सर्वांत जास्त इओसिनोफिल श्वासनळीत उतरू लागतात. साधारण चार ते आठ तासांनी त्यांचा जोर चढतो. संध्याकाळी सहानंतर आठ तास म्हणजे रात्रीचे दोन. त्यात पहाटेच्या सुमारास श्वासनळ्या निसर्गतःच सर्वाधिक आकसलेल्या असतात, आणि शरीराचे स्वतःचे स्टेरॉइड, कॉर्टिसॉल, मध्यरात्री तळाला असते.

इओसिनोफिल आपल्या कणांतली विषारी प्रथिने ओततात, अस्तर सोलवटते. बेडक्यात सूक्ष्मदर्शकाखाली टोकदार चमकते स्फटिक दिसतात, ते त्यांच्याच पोटातल्या प्रथिनाचे. इंटरल्युकिन-१३ मुळे अस्तरात चिकट श्लेष्मा बनवणाऱ्या पेशी वाढलेल्या असतात. म्हणजे दोन वाजताची नळी तीन कारणांनी अरुंद आहे: सूज, चिकट बेडका आणि आवळलेला स्नायू. पंप यांतले शेवटचे तेवढे सोडवतो, तेही थोडा वेळ. दहा मिनिटांचा आराम त्यामुळेच.

इथे टीएच-२ पेशींचीच कामगिरी सांगून थांबणे अपुरे आहे. २०१० च्या सुमारास ओळखल्या गेलेल्या आयएलसी-२ पेशींना कोणते ॲलर्जीकारक आले याच्याशी देणेघेणे नसते. अस्तरातून इशारा आला की त्या थेट इंटरल्युकिन-५ आणि १३ ओततात. चुलीचा धूर, मोहरावरची फवारणी, साधी सर्दी यांनी अस्तर दुखावले की माइट समोर नसतानाही अशा रुग्णाला धाप का लागते, याचा एक धागा इथे आहे.

सर्दीचा आणखी एक धागा. विषाणूशी लढणाऱ्या प्लाझ्मासायटॉइड डेंड्रायटिक पेशींवरही आयजीईचे ग्राही असतात आणि आयजीई बांधले गेले की त्यांचे विषाणूंना रोखणारे इंटरफेरॉन कमी पडते. शाळा उघडल्यावर पोराने आणलेली सर्दी घरातल्या बाकीच्यांची चार दिवसांत जाते, हिची छातीत उतरते.

अहवालातला प्रत्येक आकडा एका पेशीचा

रक्तात पांढऱ्या पेशी ९,४००, त्यात इओसिनोफिल ८ टक्के. टक्का वाचून थांबू नये, गुणाकार करावा. ९,४०० चे ८ टक्के म्हणजे मायक्रोलिटरला ७५२. हा आकडा इंटरल्युकिन-५ चे काम सांगतो, कारण अस्थिमज्जेत इओसिनोफिल वाढवणारे तेच. श्वासातले नायट्रिक ऑक्साइड, म्हणजे फेनो, अस्तरावर इंटरल्युकिन-१३ चा किती जोर आहे ते दाखवते. दोन आठवड्यांनी ते ४१ आले. २५ च्या खाली कमी आणि ५० च्या वर ठळक मानतात, पण फवारा सुरू असताना ४१ म्हणजे सूज अजून आहे. फेनोचे यंत्र जवळपास नसले तर अडून बसू नये. तिसरा आकडा, एकूण आयजीई ६४० एकक, इंटरल्युकिन-४ आणि बी पेशींचा.

त्याच भेटीत स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकून करायची फुप्फुसांची तपासणी: फवाऱ्यातले नळी सैल ठेवणारे औषध, फॉर्मोटेरॉल, २४ तास थांबवून पहिल्या सेकंदाचा उच्छ्वास १.७८ लिटर, साल्ब्युटामॉल ४०० मायक्रोग्रॅमनंतर १५ मिनिटांनी २.१० लिटर. वाढ ३२० मिलिलिटर, १८ टक्के. निदानाला २०० मिलिलिटर आणि १२ टक्के, दोन्ही लागतात. घरच्या पीक फ्लोच्या वहीत पहिल्या आठवड्यात सकाळी २६० आणि संध्याकाळी ३४०. फरक ८०, सरासरी ३००, म्हणजे २७ टक्के चढउतार. मोठ्या माणसात १० टक्क्यांच्या वरचा चढउतार दम्याकडे बोट दाखवतो.

किनाऱ्यावर या आकड्यांना लागणारी गालबोटे

पुस्तकातला रुग्ण आणि इथला रुग्ण यांत फरक पडतो तो इथे. इओसिनोफिल आणि आयजीई ही हत्यारे मुळात जंतांविरुद्धची. अनवाणी परसात, भाताच्या खाचरात वावरणाऱ्या माणसाचे एकूण आयजीई जंतांमुळेही हजारावर जाते. आधी शौचतपासणी, अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅमची एक गोळी, आणि मगच आकड्यांचा अर्थ. मातीतून पायावाटे शिरणारा स्ट्राँगिलॉइड्स असेल तर तो आधी संपवायलाच हवा, कारण पोटातून स्टेरॉइड वारंवार दिले तर तो शरीरभर पसरून जीव घेऊ शकतो.

दुसरे, हत्तीरोगाच्या जंतामुळे होणारा उष्णकटिबंधीय इओसिनोफिलिया. रात्रीची ढास, घरघर, सगळे दम्यासारखेच. पण तिथे इओसिनोफिल साधारण ३,००० च्या वर असतात आणि उपचार डायइथाइलकार्बामाझिन, दिवसाला किलोमागे ६ मिलिग्रॅम, तीन आठवडे. या बाईचे ७५२ आणि छातीचा एक्स-रे स्वच्छ, म्हणून ते मागे पडले.

तिसरे, ॲस्परजिलस बुरशीचा आजार. दम्याच्या रुग्णात एकूण आयजीई ५०० च्या वर असले तर २०२४ च्या सुधारित निकषांनुसार ही शक्यता तपासावीच लागते. ६४० हा आकडा सोडून देण्यासारखा नाही. ओल्या भिंती, कुजका पेंढा, नारळाच्या सोडणांचा ढीग इथे घरोघर. तपकिरी, घट्ट, साच्यासारखे बेडके पडतात का विचारावे. तिचे ॲस्परजिलसविरुद्धचे आयजीई नगण्य निघाले.

आणि कोळंबी. तीन वर्षांपूर्वी ‘२०० वस्तूंची ॲलर्जी’ सांगणाऱ्या रक्ततपासणीत कोळंबी, कुर्ली ‘पॉझिटिव्ह’ आली आणि तिने दोन्ही सोडली. खाडीकाठच्या घरात बाईने कोळंबी सोडणे म्हणजे अर्धे जेवण सोडणे. सेटिरिझिन ७ दिवस बंद ठेवून केलेल्या त्वचाचाचणीत उठलेल्या गांधींचे माप असे: तुलनेसाठी हिस्टामीन ५ मिलिमीटर आणि मिठाचे पाणी ०, घरातला माइट ८, ब्लोमिया माइट ७, झुरळ ४, कोळंबी ४. कारण सरळ आहे: कोळंबी, झुरळ आणि माइट या तिघांच्या स्नायूंत ट्रोपोमायोसिन नावाचे जवळजवळ सारखेच प्रथिन असते. माइटसाठी बनलेले आयजीई कोळंबीच्या प्रथिनालाही चिकटते. चाचणी ‘आयजीई आहे’ एवढेच सांगते, ‘त्रास होतो’ असे नाही. खाऊन कधी ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, उलटी किंवा धाप लागली का? कधीच नाही. मग रुग्णालयात डॉक्टरांसमोर थोडी थोडी वाढवत खाऊ घातली, काही झाले नाही, कोळंबी परत ताटात आली. खाऊन त्रास झालेल्याला हा प्रयोग घरी करू देऊ नये. सुकट आणि सुका जवळा निवडताना उडणारी भुकटी ही वेगळी गोष्ट. ती श्वासात जाते, त्यातही साठवणीतले माइट असतात. ते काम तिने दुसऱ्याकडे द्यावे.

उपचार आणि दमट हवेतला फवारा

बुडेसोनाइड-फॉर्मोटेरॉल २००/६, सकाळी एक दाब, रात्री एक, आणि धाप लागली तर निळ्याऐवजी हाच. दिवसभरात सगळे मिळून १२ च्या वर नाही. तिथवर जायची वेळ आली तर रुग्णालय गाठायचे. नुसत्या साल्ब्युटामॉलवर दमा ठेवू नये, असे जागतिक मार्गदर्शक तत्त्वे २०१९ पासून सांगतात. स्टेरॉइडचा फवारा टीएच-२ पेशींचे संदेश दाबतो आणि इओसिनोफिलांना मरणाच्या वाटेला लावतो; मास्ट पेशी फुटण्याचे तो तत्काळ थांबवत नाही, पण आठवड्यांनी अस्तरातली त्यांची संख्या घटवतो. संध्याकाळची धाप लगेच थांबेल असे वचन म्हणूनच देऊ नये. रात्रीची आधी थांबते.

“पंप एकदा लागला की सुटत नाही म्हणतात,” हा प्रश्न येतोच. सुटत नाही तो आजार. स्मृती धरलेल्या टी आणि बी पेशी कोणत्याच फवाऱ्याने पुसल्या जात नाहीत, म्हणून तो बंद केल्यावर काही आठवड्यांत सूज परतते.

कॅप्सूलचे यंत्र स्वस्त, पण पावसाळ्यात त्याचे हाल होतात. ओल धरलेली जिलेटिनची कॅप्सूल मऊ पडते, नीट फुटत नाही, पूड गोळा होऊन आतच राहते. कॅप्सूल बाटलीतून किंवा पाकिटातून ऐन वेळीच काढावी, रात्रीच यंत्रात भरून ठेवू नये, यंत्रात फुंकर मारू नये. या बाईला दाबाचा पंप आणि स्पेसर दिला. पंप हलवायचा, स्पेसरमध्ये एकच दाब, सावकाश खोल श्वास, १० सेकंद रोखायचा, दुसरा दाब अर्ध्या मिनिटाने. मग चूळ भरून थुंकायची. स्पेसर आठवड्याला साबणाच्या पाण्यात बुडवून तसाच निथळत ठेवायचा. फडक्याने पुसला तर स्थिर वीज धरतो आणि औषध भिंतीला चिकटते.

घराबद्दल फार खर्चिक सल्ला देऊ नये. माइटरोधक खोळी एकट्या वापरून दम्यात ठळक फायदा दिसलेला नाही. चादरी आठवड्याला ५५ ते ६० अंश सेल्सियसच्या पाण्यात. तिच्यापुरती कापसाची गादी बंद. मे महिन्याच्या उन्हात गाद्या कडकडीत तापवल्या तर माइट मरतात, पण विष्ठेतले प्रथिन राहते. तापवून झाल्यावर दुसऱ्या कुणी तरी अंगणात झोडून घ्याव्या. माळा मिरगाआधी उतरावा, भाद्रपदात नाही. चुलीचा धूर हा नुसता त्रासाचा विषय नाही: धुराने न्यूट्रोफिल या दुसऱ्या पांढऱ्या पेशी वाढतात, आणि त्या स्टेरॉइडला जुमानत नाहीत.

तीन महिन्यांनी

पीक फ्लो ३७०, रात्रीचे उठणे बंद, जादा दाब आठवड्याला एखादा. इओसिनोफिल ७,८०० चे ३ टक्के, म्हणजे २३४. फेनो २२. एकूण आयजीई ५९०, जवळपास तेवढेच. ते फवाऱ्याने उतरत नसते, म्हणून पाठपुराव्यात पुन्हा करण्यात पैसे घालवू नयेत.

हे आकडे हलले नसते तर आधी वही आणि दाब घेण्याची पद्धत पाहिली असती, मग मात्रा वाढवली असती, आणि त्यानंतर जैविक औषधे. ओमालिझुमॅब मुक्त आयजीई पकडते. मात्रा वजन आणि आयजीईवरून ठरते. मेपोलिझुमॅब इंटरल्युकिन-५ ला, बेनरालिझुमॅब त्याच्या ग्राहीला. ड्युपिलुमॅब इंटरल्युकिन-४ आणि १३ दोघांना, तेझेपेलुमॅब थेट अस्तराच्या टीएसएलपीला. इंटरल्युकिन-५ रोखणाऱ्या औषधाचा २००० सालचा पहिला प्रयोग निराशाजनक ठरला: इओसिनोफिल गेले, पण नळीचे आवळणे तसेच. २००९ मध्ये इओसिनोफिल जास्त असलेलेच रुग्ण निवडल्यावर मोठे झटके घटलेले दिसले. सगळा महागडा मामला. या बाईला गरज पडली नाही.

मात्रा उतरवण्याचा प्रश्न डिसेंबरात आला. निकषांनुसार तीन महिने दमा ताब्यात होता, उतरवता आली असती. पण घरामागेच कलमांची बाग, आणि मोहरावर फवारण्या सुरू होणार. म्हणून होळीपर्यंत तीच मात्रा. मार्चमध्ये पीक फ्लो ३६० च्या वर स्थिर असेल तर रोज रात्री एक दाब, जादा लागेल तसा. मेअखेर पुन्हा वही पाहून, मिरगाच्या आत, सकाळचा दाब परत सुरू करायचा की नाही ते ठरवायचे.